एकटीने पालखीत निघताना: आधी पाय, मग ओळखी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३४, नाशिकला बँकेत नोकरी, घरात वारीची परंपरा नाही, रजा जेमतेम आठ-नऊ दिवसांची. निवृत्तीनाथ महाराजांच्या पालखीबरोबर चालायचं मनात आहे. पाय टिकतील का, हा एक प्रश्न. दुसरा तुमच्याच शब्दांत, "मी मुळात अबोल आहे, त्या गर्दीत मला एकटीला कोण विचारणार?"

मी सातपूरच्या कारखान्यात लेथवर टर्नर होतो. एकतीस वर्षं उभ्याने काम केलं. चौदा वाऱ्या झाल्या. त्यातल्या नऊ त्र्यंबकेश्वर ते पंढरपूर पूर्ण, बाकीच्या रजेत बसल्या तेवढ्या. शेवटच्या पाच वाऱ्यांना आमची हीसुद्धा बरोबर होती, त्यामुळे बायकांच्या सोयी-गैरसोयीचं जे खाली येईल ते तिचं आहे.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, मला ते एकच वाटतात. पाय दुखायला लागला की माणूस खाली बघून चालतो. शेजारचा काही बोलला तर "हं" करतो. विसाव्याला सगळे गप्पा मारत बसलेले असतात, तेव्हा हा एका बाजूला मोजा काढून टाच न्याहाळत असतो. ज्यांना तुम्ही अबोल समजाल त्यातल्या निम्म्यांना फोड आलेला असतो. म्हणून आधी पायाचं.

त्याच्याही आधी दिवसांचा हिशोब. पालखी ज्येष्ठ पौर्णिमेच्या आसपास त्र्यंबकहून निघते आणि आषाढी दशमीला पंढरपुरात पोहोचते. साडेचारशे किलोमीटरच्या आसपास वाट, साधारण २६-२७ दिवस. पहिला मुक्काम सातपूर, मग नाशिक, पळसे, लोणारवाडी, खंबाळे, पारेगाव, गोगलगाव, राजुरी, पुढे बेलापूर, राहुरी, डोंगरगण, नगर. तिथून मिरजगाव, कर्जत, जेऊर, कंदर, करकंब करत पंढरपूर. मुक्काम एखाद्या वर्षी इकडेतिकडे होतात, पण वाट हीच. तुमच्या रजेत त्र्यंबक ते राजुरी नीट बसतं. राजुरीहून लोणी, राहाता जवळ, तिथून नाशिकला परतायला गाड्या मिळतात.

बरेच नोकरदार उलटं करतात. शेवटचे आठ दिवस घेतात, म्हणजे पंढरपूर गाठल्याचं समाधान. दर्शनच हवं असेल तर तसं करा. पण सोबत हवी असेल तर पहिले आठ घ्या. दिंडी सिन्नर ओलांडेपर्यंत जुळून गेलेली असते. कोण कुणाशेजारी झोपतो, कुणाचा तांब्या कुणाकडे असतो, पहाटे कोण कुणाला उठवतं, हे सगळं ठरून जातं. जेऊरला येऊन मिसळणारा माणूस चालत्या गाडीत चढल्यासारखा असतो. त्याला जागा करून देतात, नाही असं नाही, पण तो पाहुणाच राहतो.

आता आम्हा नाशिककरांची खास चूक. पहिले दोन मुक्काम सातपूर आणि नाशिक, म्हणजे आपल्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. पहिल्या वर्षी मी दोन्ही रात्री घरी झोपायला गेलो. गरम पाण्याने अंघोळ, घरचं जेवण, सकाळी ताजातवाना होऊन दिंडीत हजर. पळशाला पोहोचलो तेव्हा माझ्याच दिंडीतल्या एकाने विचारलं, "माउली, तुम्ही कोणत्या दिंडीचे?" तीन दिवस बरोबर चालून! दिवसभर चालण्याने ओळख होत नाही, ती संध्याकाळी पाच ते नऊमध्ये होते, आणि मी नेमका तेव्हाच घरी. तेव्हा कृपा करून ते दोन दिवस कॉलेज रोडला घर आहे हे विसरा. भाऊ भेटायला आला तर त्याला तिथेच पंगतीला बसवा.

आता पाय. फोड का येतो ते आम्हा लेथवाल्यांना लवकर कळतं. दोन पृष्ठभाग, वरून भार, मध्ये ओल आणि तीच हालचाल हजारो वेळा. बूट आणि मोजा कातडीला धरून ठेवतात आणि आतलं हाड पुढेमागे सरकत राहतं. कातडीच्या थरांमध्ये ताण बसून एक थर सुटतो आणि तिथे पाणी भरतं. घामाने ओलसर झालेली कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त घट्ट धरते, म्हणून ओल्या पायाला फोड लवकर. घसरण टाळता येत नाही, तेव्हा ती कातडीत न होता दुसरीकडे कुठेतरी होऊ द्यायची. त्यासाठी दोन मोजे घालायचे. आत पातळ, वर जाड. घसरण त्या दोघांच्या मध्ये होते. शुद्ध सुती मोजे घरी ठेवा, ते ओल धरून बसतात. बूट नेहमीपेक्षा अर्धा-एक नंबर मोठा, कारण चौथ्या दिवसापर्यंत पाय सुजतो. आणि नवा कोरा कधीच नाही. किमान शंभर किलोमीटर त्यावर झालेले असू द्या.

बूट की सँडल, यावर दिंडीत तासभर वाद घालता येतो. माझं मत ऐका. त्र्यंबक ते पळसे पाऊस असण्याची शक्यता मोठी. त्र्यंबकला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो, त्या पट्ट्यात भिजलेला बूट दुसऱ्या दिवशीही वाळत नाही. तिथे मागे पट्टा असलेल्या, वर्षभर वापरलेल्या सँडल. मोहदरीचा घाट चढून सिन्नरच्या बाजूला आलात की हवाच बदलते. पुढे नगर-कर्जतपर्यंत सगळा कमी पावसाचा मुलूख, वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटरचा. तिथे ऊन आणि फुफाटा, तिथे बूट. दोन्ही जोड न्या, एक दिंडीच्या सामानाच्या ट्रकमध्ये राहील. अनवाणी चालणारे आहेत, त्यांच्या पायाला वर्षभराची सवय असते. आपण बँकेच्या फरशीवरचे लोक, आपण तो नाद करू नये. साखरेचा आजार असलेल्यांनी तर मुळीच नाही. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना काटा लागलेला कळतसुद्धा नाही.

नखं आठवडाभर आधी सरळ कापा, कोपरे कोरू नका. सकाळी बोटांच्या बेचक्यात आणि टाचेला व्हॅसलीन. दुपारच्या विसाव्याला मोजे बदला, सकाळचे पिशवीला पिनेने अडकवून वाळत टाका. संध्याकाळी पाय धुऊन बेचक्या कोरड्या करायच्या, मग भेगांना कोकमतेल. तेल रात्रीच. सकाळी लावलं तर पाय सँडलमध्ये सरकत राहतो. मांड्या काचतात, त्याचं कुणी आधी सांगत नाही. तिथेही व्हॅसलीन, आणि लाज न बाळगता.

चालताना एखाद्या जागी चुरचुरलं की तिथल्या तिथे थांबायचं. "विसाव्यापर्यंत जाऊ" हा विचार महाग पडतो. बाजूला बसा, पुसा, कोरडं करा, मेडिकलमध्ये मिळते ती कागदी चिकटपट्टी लावा. पाच मिनिटांचं काम आहे. दिंडी फार पुढे जात नाही.

फोड आलाच तर? पहिल्या वर्षी पळशाच्या शाळेच्या ओट्यावर मी टाच धरून बसलो होतो. चांदवडकडच्या एका मावशींनी न विचारता माझा पाय मांडीवर घेतला. मी संकोचाने ओढायला लागलो तर म्हणाल्या, "हलू नको रे दादा, पोरांचे काढते तसा काढते." सुईत पांढरा दोरा ओवला, खोबरेलात बुडवला, फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढला आणि दोन्ही टोकं बोटभर बाहेर ठेवून कापला. पाणी दोऱ्यावरून टिपटिप गळून गेलं. ठणका पाच मिनिटांत उतरला. मी त्यांच्या पाया पडलो, त्या माझ्या पडल्या. वारीत असंच असतं, वय बघत नाहीत. पण खंबाळ्याला पोहोचेपर्यंत त्यात पू झाला होता. दोऱ्याने पाणी बाहेर येतं, तसा रस्त्याचा चिखलही त्याच वाटेने आत जातो. मावशींचं निम्मं बरोबर होतं. लहान, न दुखणारा फोड असेल तर हात लावू नका, वरून पट्टी. मोठा आणि ठणकणारा असेल तर हात साबणाने धुवा, निर्जंतुक सुईने कडेला खालच्या बाजूला एक-दोन भोकं पाडा, दाबून पाणी काढा. वरची कातडी काढायची नाही, तीच खरी पट्टी. मलम, जाळीची पट्टी, त्यावर चिकटपट्टी. दोरा आत ठेवायचा नाही. आजूबाजूला लाल रेघ दिसली किंवा ताप आला तर चालणं बंद आणि डॉक्टर.

गोळ्यांबद्दल एक वाक्य. वाटेत फुकट औषधं वाटणारे भेटतात आणि चालणारे वेदनाशामक गोळ्या शेंगदाण्यासारख्या खातात. उपाशीपोटी, घामाने शरीरातलं पाणी उतरलेलं असताना त्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात.

पाणी जास्त प्या असं सगळेच सांगतात. नुसतं पाणी पुरत नाही, घामाबरोबर मीठही जातं. मेडिकलमधली ओआरएसची पाकिटं पाच-सहा न्या. संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. अंदाजाने मीठ वाढवायचं नाही. आणि वाटेवरचं सगळं खायचं नाही. गावोगाव लोक प्रेमाने केळी, चिवडा, शिरा, चहा हातात देतात. नाही म्हणणं जड जातं. कपाळाला लावून पिशवीत ठेवा, पुढे पोरांना द्या. जे लोक अर्ध्यातून परततात ते पायापेक्षा पोटाने जास्त.

सराव सहा आठवडे आधी सुरू करा. पाच किलोमीटरपासून सुरुवात, आठवड्याला दोन-तीन वाढवत. गोदापार्कात फेऱ्या मारून हे होत नाही, डांबरी रस्त्यावर चाला. शेवटच्या पंधरवड्यात एकदा तरी लागोपाठ दोन दिवस १८-२० किलोमीटर करा. एका दिवसाचे वीस कुणीही करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा तेवढेच करताना खरी ओळख पटते. त्र्यंबक रोडने अंजनेरी फाट्याकडे रविवारी पहाटे चांगलं चालता येतं. चैत्रात वणीच्या गडाला पायी जाणाऱ्यांचे पाय तयारच असतात. नाशिकहून साठ-पासष्ट किलोमीटर, तेही उन्हाचं. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर त्याच्याबरोबर सराव करा.

आणखी एक बारीक गोष्ट. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. दिवसभर डाव्या कडेनेच चाललात तर संध्याकाळी एकच खुबा दुखतो आणि कारण कळत नाही. दर विसाव्यानंतर रांगेतली बाजू बदला. याचा दुसरा फायदा म्हणजे शेजारी बदलतो.

आता ओळखींकडे येतो.

आधी दिंडीत जागा मिळवा. एकटं, कुठल्याच दिंडीत नसताना चालणारेही असतात, त्यांना मोकळे वारकरी म्हणतात. तुम्ही पहिल्या खेपेला तसं करू नका. दिंडी म्हणजे झोपायला राहुटी किंवा शाळेची खोली, दोन वेळचं जेवण, सामानाचा ट्रक, आणि रात्री हजेरी घेणारं कुणीतरी. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला नाथांची यात्रा भरते, तेव्हा जिल्हाभरातून दिंड्या येतात. तिथे प्रत्यक्ष जाऊन बघणं सर्वांत उत्तम. ती वेळ गेली असेल तर नात्यातल्या, शेजारच्या, ऑफिसातल्या शिपायापासून सगळ्यांना विचारा. नाशिक, निफाड, सिन्नर, दिंडोरीत कुणाची ना कुणाची मावशी वारीला जातच असते. तिचीच दिंडी धरा. पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारा. बायका किती आहेत, त्यांची झोपायची सोय वेगळी आहे का, आणि गेल्या वर्षीच्या दोन बायकांचे फोन नंबर मिळतील का. आम्ही एकदा न विचारता एका दिंडीत गेलो. वर्गणी पुरती घेतली आणि राहुरीला जाईपर्यंत जेवणात आमटीचं पाणी झालं होतं. व्यवस्था बघणारे गृहस्थ दुपारनंतर सापडायचेच नाहीत. शेजारच्या दिंडीने आम्हा सहा जणांना सामावून घेतलं, म्हणून ती वारी झाली.

तुम्ही अबोल आहात याची काळजी करू नका. वारीत बोलून मैत्री होते असं मला चौदा वर्षांत फारसं दिसलेलं नाही. ती कामातून होते. माझीच हकिकत सांगतो. त्याच पहिल्या वर्षी, लोणारवाडीच्या मुक्कामावर मी लंगडत पोहोचलो आणि एका बाजूला उभा राहिलो. राहुट्या ठोकणं चाललं होतं. पेठ तालुक्यातले एक बाबा, सत्तरीचे असतील, खुंट्यांची गोणी घेऊन चालले होते. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "धर." मी गोणी धरली. त्यांनी एक खुंटी मुरमात लावली, घण मारला, ती वाकडी होऊन बाहेर आली. दुसरीही तशीच. लोखंडाशी माझं आयुष्य गेलेलं, मला राहवेना. मी घण घेतला. खुंटी उभी ठोकायची नाही, तिचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कलतं ठेवायचं, म्हणजे दोर ओढतो तेव्हा ती जमिनीत आणखी रुतते. मुरूम कडक असेल तर आधी पहारीने भोक आणि त्यात तांब्याभर पाणी. चार राहुट्या आम्ही दोघांनी उभ्या केल्या, एक शब्द न बोलता. जेवताना बाबांनी त्यांच्या शेजारी माझं ताट मांडून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मोठ्याने हाक आली, "खुंटीवाले, या इकडे." पंढरपूरपर्यंत माझं तेच नाव होतं. अजून काही जण त्याच नावाने ओळखतात.

तेव्हा तुमचं काम शोधा, पहिल्याच दिवशी. भाजी निवडणं, पंगतीत पाणी वाढणं, म्हाताऱ्यांच्या पथाऱ्या ट्रकमधून काढून देणं. बँकेतल्या आहात, तर दिंडीच्या हिशोबाच्या वहीपाशी बसा. विणेकऱ्यांपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळे तुमच्याकडे येतील. फोन चार्ज करण्याची जबाबदारी घेतलीत तर राणीच व्हाल. मुक्कामाच्या घरी एकच बोर्ड असतो आणि पंधरा चार्जर. कुणीतरी चिठ्ठ्या लावून ते सांभाळावं लागतं.

दुसरी गोष्ट चालीची. माणसं चालीवरून जुळतात. तुमच्या पावलाशी ज्याचं पाऊल आपोआप पडतं, त्याच्या शेजारी तुम्ही दुपारपर्यंत येताच. ओढूनताणून कुणाच्या वेगाने चालू नका. दिंडी तशीही रेल्वेसारखी चालत नाही. चार पावलं, थांबा, पुन्हा दहा पावलं. हे थांबणंच जास्त थकवतं. थांबलात की टाचा उचलत राहा, पोटऱ्या धरत नाहीत.

बोलायला सुरुवात कशी करायची? "आपण काय करता?" हा शहरी प्रश्न नको. "कितवी वारी?" हे विचारा. पहिली असेल तर दोघींना धीर येतो, तिसावी असेल तर पुढचे दोन तास तुम्हाला फक्त ऐकायचं आहे. त्यानंतर गाव. मग शेतीपाणी. निफाड-दिंडोरीचे द्राक्षवाले एप्रिलची छाटणी उरकून आलेले असतात, ते निवांत. इगतपुरी-त्र्यंबकचे भातवाले आभाळाकडे बघत असतात, कारण मागे रोपं लावणीला येणार असतात आणि घरी मुलगा एकटा. कांदा चाळीत आहे की विकला, हा विषय कधीच संपत नाही. आडनावही विचारतील. काही जण ज्या कारणासाठी विचारतात ते तुम्हाला कळेल आणि खटकेल. मलाही खटकतं. सगळे माउली म्हणवतात, पण सगळ्यांच्या मनातून ते गेलेलं असतं असं नाही. मी आडनावाऐवजी "नाशिकचा" असं सांगतो आणि पुढे चालतो.

काही रीती पाळा. विणेकऱ्यांच्या पुढून आडवं जायचं नाही, पताकांची रांग तोडायची नाही. कुणी पाया पडलं तर तुम्हीही वाकायचं, "अहो नको नको" करत मागे सरायचं नाही. टाळ लगेच हातात घेऊ नका. नवखा माणूस ठेका ओढतो आणि पखवाजवाल्याच्या कपाळाला आठ्या पडतात. दोन दिवस टाळ्या वाजवा, ठेका अंगात उतरला की कुणीतरी स्वतःहून टाळ देईल. हरिपाठ पाठ नसला तरी छोटी पोथी जवळ ठेवा. फोटो विचारून काढा.

आणि फुगडी खेळा. लाजाळू माणसासाठी याहून सोपी वाट मला माहीत नाही. विसाव्याला कुणीतरी हात पुढे करतंच. हात आडवे गुंफायचे, पावलांची टोकं जुळवायची आणि मागे कलायचं. कलायचं म्हणजे खरंच कलायचं, सगळा भार समोरचीच्या हातावर टाकून. एकीने जरी भार राखून ठेवला तरी फुगडी फिरत नाही, नुसती ओढाताण होते. आमच्या दिंडीत एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि एक कांदे भरणारी बाई दातलीच्या रिंगणाच्या दिवशी अशा फिरल्या की दोघींचे अंबाडे सुटले. त्याआधी चार दिवस त्या एकमेकींशी बोललेल्या नव्हत्या. तुमच्या वाटेतही दातलीचं रिंगण येतं, सिन्नर सोडल्यावर. त्या दिवशी मागे राहू नका.

आता हिचं ऐका. ती म्हणते, बायकांचा दिवस अडीच-तीनला सुरू होतो, कारण अंघोळ अंधारात उरकायची असते. साडी नेसायलाच हवी असं नाही, सलवार-कमीज आणि ओढणी चालते, रंग गडद घ्या, भिजल्यावर बरं पडतं. फिरती शौचालयं हल्ली असतात, पण पहाटे रांग लागते. रांग टाळायची तर आणखी लवकर, आणि कधीही एकटीने नाही. तिच्या मते वारीतली खरी मैत्रीण तीच, जी झोपेतून उठून टमरेल उचलते आणि "चल" म्हणते. पाळीचं कुणी मुद्दाम विचारत नाही. काही दिंड्यांत वीणा, पादुका, स्वयंपाक यापासून लांब राहण्याचा दंडक आहे, काहींत नाही. दिंडीतल्या एखाद्या बाईला आधीच विचारून घ्या, म्हणजे ऐनवेळी अपमान नको. पाळीच्या वस्तू घरून न्या, कागदी पिशव्याही. दागिने घरी. रात्री फोन आणि पैसे उशाखाली नाही, अंगावर. आणि कुणी कितीही जवळचं झालं तरी वाटेत पैसे उसने द्यायचे-घ्यायचे नाहीत.

म्हाताऱ्या बायका तुम्हाला दत्तक घेतील, हे ठरलेलं. "पोरी, जेवलीस का" पासून "लग्न का नाही केलं" पर्यंत सगळं विचारतील. रागावू नका. त्यांना पाण्याची बाटली भरून द्या, रात्री पाय चेपून द्या. एखादा दिवस कुणाशीच बोलावंसं वाटलं नाही तर तेही चालतं. दिंडीच्या शेवटच्या रांगेत जा, तिथे गप्प चालणारे असतात. त्यांना कुणी हटकत नाही.

ओळखी पुढे टिकतात का, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. बऱ्याचशा टिकत नाहीत. निरोप घेताना गळ्यात पडून रडलेली माणसं श्रावणात फोन करत नाहीत. सुरुवातीला मला याचं वाईट वाटायचं. मग लक्षात आलं की त्यांचं वेळापत्रक वेगळं आहे. निफाडकडचा एक पखवाजवाला नऊ वर्षांपासून माझा मित्र आहे. माझ्या फोनमध्ये तो "पखवाज निफाड" आहे आणि त्याच्या फोनमध्ये मी "खुंटी". आम्ही पौषात त्र्यंबकला भेटतो आणि ज्येष्ठात पालखीत. मधल्या काळात एकही फोन नाही. भेटलो की मागच्या वेळी जिथे सोडलं होतं तिथून बोलणं सुरू. गेल्या खेपेला त्याने पहिलंच वाक्य टाकलं, "मग, त्या जावयाचं काय झालं?" विषय सहा महिन्यांपूर्वीचा होता.

सामान एकच पिशवी. अंथरूण खताच्या रिकाम्या प्लास्टिक गोणीत घाला, पाऊस लागत नाही. गोणीवर ऑइल पेंटने नाव, दिंडीचा क्रमांक, गाव आणि घरचा फोन नंबर. ट्रकमध्ये दीडशे गोण्या एकसारख्या असतात. ताट, वाटी, तांब्या, बॅटरी, वाळवणाची दोरी, पिना, मेणकापड, पॉवर बँक. हिने आत्ता हे सगळं वाचलं आणि म्हणाली, टॉवेलचं लिहायचं राहिलं. जाड टॉवेल नेऊ नका, वाळत नाही. पंचे दोन न्या, त्यातला एक कुणीतरी मागून नेईल.